फवारा नंतर, आधी भिंग: नागपूरच्या बागेत पिठ्या ढेकूण आला तर

मार्च लागला की नागपुरात कूलर धुऊन-पुसून खिडकीला लागतात, खसच्या ताट्या बदलल्या जातात, आणि साधारण त्याच सुमारास जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरं काहीतरी दिसायला लागतं. नव्याने बाग लावलेल्याला ती बुरशी वाटते. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कळ्या गळतात, पानं चिकटतात, झाडाखालच्या फरशीवर चिकट ठिपके पडतात आणि मग माणूस कृषी केंद्रात जाऊन "पांढऱ्या किडीवर काही द्या" म्हणतो. तिथून जी बाटली घरी येते, ती घरच्या बागेला झेपेल त्याहून जहाल असते आणि तिचा उपयोग मात्र बेताचाच होतो.

गच्चीवर पहिल्यांदाच कुंड्या मांडलेल्यांसाठी, मानेवाड्यापासून दाभ्यापर्यंत नव्या घराच्या अंगणात जास्वंद-पपई लावलेल्यांसाठी हे लिहिते आहे. वावर असलेल्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं आहे. माझा आग्रह एकच: पिठ्या ढेकणाच्या बाबतीत औषध ही सगळ्यात उशिरा करायची गोष्ट. त्याआधीची कामं नीट झाली तर बहुतेक घरांत बाटलीपर्यंत जायची वेळच येत नाही.

हा कोण, आणि आला कुठून

पिठ्या ढेकूण, म्हणजे दुकानदार ज्याला मिलीबग म्हणतात तो, खवले किडींच्या गोतावळ्यातला. सुईसारखी सोंड झाडात खुपसून रस ओढत बसायचं, एवढंच त्याचं काम. आपल्याकडे त्याच्या देशी जाती पूर्वीपासून आहेत. पण जास्वंदीवर, वांग्यावर, भेंडीवर आणि पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, आज जो सर्रास सापडतो, तो बाहेरून आलेला आहे. त्याचं शास्त्रीय नाव फेनाकोकस सोलेनोप्सिस. हा मूळचा अमेरिकेतला. १८९८ साली न्यू मेक्सिको भागात मुंग्यांच्या वारुळात, झाडाच्या मुळांवर सापडलेल्या नमुन्यांवरून त्याची पहिली नोंद झाली. मुंग्या आणि मुळं, या दोन्ही गोष्टी लक्षात असू द्या, पुढे लागणार आहेत.

२००५ च्या आसपास तो भारत-पाकिस्तानच्या कापूस पट्ट्यात दिसू लागला आणि थोड्याच हंगामांत गुजरात-पंजाबपासून विदर्भापर्यंत पोचला. आपल्या वर्धा रोडवरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी नऊ राज्यांतल्या कपाशीची पाहणी केली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत बहुतेक ठिकाणी हीच जात निघाली. देश बदलला, पण त्याला खाणारे शत्रू मागेच राहिले, म्हणून तो इतका माजला. शत्रू नंतर येऊन पोचला, त्याची गोष्ट खाली येईलच.

त्याची राहणी कळली की उपाय आपोआप सुचतात. मादीला पंख नसतात. ती पोटाखाली कापसासारख्या पिशवीत अंडी सांभाळते, आणि अंड्यांतून पिल्लं इतक्या लवकर बाहेर पडतात की जणू ती पिल्लंच घालते. एका मादीची शेकडो पिल्लं होतात. ही पिल्लं पिवळसर, अर्धा मिलिमीटरही नाहीत, पण चांगली चालतात. वाऱ्यावर उडतात, मुंग्या त्यांना उचलून नेतात, आपल्या ओढणीला आणि कात्रीला चिकटून ती शेजारच्या कुंडीत जातात. कोवळा शेंडा किंवा पानामागची शीर सापडली की तिथे ठाण मांडतात आणि मग अंगावर मेण चढायला लागतं. आपल्याकडच्या गरमीत महिनाभरात, कधी त्याहून लवकर, पुढची पिढी तयार होते. नराला दोन पंख असतात, पण तो खातपीत नाही, थोडे दिवस जगतो आणि आपल्या नजरेला बहुधा पडतही नाही.

सगळी गोम त्या मेणात आहे. मेणावर पाणी थांबत नाही, तसंच पाण्यात कालवलेलं औषधही थांबत नाही. मोठी मादी फवाऱ्याखाली नुसती ओली होते. ज्यांच्या अंगावर अजून मेण आलेलं नाही ती चालती पिल्लं मात्र साध्या साबणाच्या पाण्यानेही मरतात. म्हणून एकदाच जोरात मारलेल्या फवाऱ्यापेक्षा आठवड्याच्या अंतराने तीनदा केलेलं हलकं काम जास्त लागू पडतं.

पहिलं काम: तो तोच आहे का, हे बघा

दहा-वीस पट मोठं दाखवणारं भिंग घ्या, नाहीतर फोनच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून मोठा करून बघा. सकाळच्या उजेडात पान उलटं करा.

सोलेनोप्सिसची मोठी मादी तीन ते पाच मिलिमीटर लांब, लंबगोल. अंगावर पांढरी भुकटी असते, पण पाठीवर ती सगळीकडे सारखी नसते. मधेमधे उघडी जागा राहते आणि तिथे गडद ठिपक्यांच्या जोड्या दिसतात, लांबून बघितलं तर दोन तुटक काळे पट्टेच. कडेने मेणाचे आखूड धागे, मागच्या टोकाचे जरा लांब. टाचणीने हळूच ढकललं तर ती संथपणे पाय हलवते. बुरशी हलत नाही, एवढ्यावरून निम्म्या शंका मिटतात.

फसवणारे बरेच आहेत. पऱ्हाटीच्या पानावर पांढरट, कोनाकोनांचे डाग असतील आणि बोटाने पुसल्यावर खाली काही जिवंत सापडत नसेल, तर तो दहिया रोग, म्हणजे खरीच बुरशी. पान हलवल्यावर पांढरे कण भुर्रकन उडाले तर पांढरी माशी. जास्वंदीचा शेंडाच आखडून, मुरडून गड्डा झाला असेल, आतले जीव गुलाबी असतील आणि चिरडल्यावर गुलाबीसर रस निघत असेल, तर तो गुलाबी पिठ्या ढेकूण. तो आपल्याकडे जुनाच आहे. त्याच्या लाळेने शेंडा वेडावाकडा होतो, सोलेनोप्सिसने सहसा एवढा होत नाही. गुलाबी असेल तर मुरडलेले शेंडे सरळ कापून टाकण्यावाचून गत्यंतर नाही, कारण त्या गड्ड्याच्या आत पाणी, साबण काही पोचत नाही.

पपईवर, क्वचित जास्वंदीवरही, पिवळसर अंगाचा, पाठीवर पट्टे नसलेला, भरपूर कापूस पिंजून बसलेला सापडला तर तो बहुधा पपईवरचा पिठ्या ढेकूण. हाही पाहुणाच, मध्य अमेरिकेकडचा. भारतात पहिल्यांदा २००८ साली कोईमतूरला सापडला. याची एक गंमत आहे: स्पिरिटच्या बाटलीत टाकून ठेवला की काही वेळाने निळसर-काळा पडतो. मुलांना दाखवायला झकास. त्याच्यावर पोर्टो रिकोतून एक परोपजीवी माशी २०१० मध्ये आणून सोडली गेली आणि पपईचे मळे वाचले.

आता सगळ्यात महत्त्वाचा फसवा. कधीकधी ढेकणांच्या गर्दीत एखादा दांडगा पांढरा प्राणी दिसतो. अंगावर लांब, लोंबते मेणाचे झुपके, आकार बाकीच्यांच्या दुप्पट-तिप्पट, आणि टाचणी लावली तर तुरुतुरु पळतो. नवखा माणूस म्हणतो, "हा बघा यांचा राजा," आणि पहिला त्यालाच चिरडतो. ती क्रिप्टोलीमस या ढालकिड्याची अळी असते आणि ढेकूण खाण्यासाठीच तिथे आलेली असते. या भुंग्याला तर १८९८ सालीच ऑस्ट्रेलियातून भारतात आणलं होतं, कॉफीवरच्या खवले किडीसाठी. मोठा झाल्यावर तो काळपट पंखांचा आणि नारिंगी डोक्याचा दिसतो. साधा नियम: पांढरं आणि संथ असेल तर ढेकूण, पांढरं आणि पळणारं असेल तर हात लावू नका.

दुसरं काम: मदतनीस आलेत का ते शोधा

हे काम लोक हमखास गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ यालाच द्यावा.

ढेकणांची वस्ती असलेलं एक पान घ्या आणि भिंगाखाली शांतपणे फिरवा. पांढऱ्यांच्या मधे काही फुगीर, कडक, पांढरेपण उडालेले, पिकल्या जवसाच्या रंगाचे पडलेले दिसतात का? टाचणी लावली तरी हलत नाहीत, पानाला चिकटलेले राहतात. काहींच्या मागच्या टोकाशी गोल भोक असतं. या ममी. एनासियस नावाची जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची काळी गांधीलमाशी जिवंत ढेकणाच्या पोटात एकेक अंडं घालते. अळी त्याला आतून पोखरते, आठवड्याभरात ढेकणाची कडक ममी होते, आणि पुढे तयार माशी कवच कुरतडून बाहेर पडते आणि पुढच्या ढेकणाच्या मागे लागते. माणसाला ती डसत नाही.

कापसावरच्या साथीत ही माशी कोणी मुद्दाम सोडली नव्हती. २००८ च्या सुमारास ती इथल्या शेतांत आपली आपणच सापडली, २००९ मध्ये तिला नवी जात म्हणून नाव दिलं गेलं, आणि नंतर कळलं की अमेरिकेत आधीच नोंदलेली एनासियस अॅरिझोनेन्सिस ती हीच. ढेकणाच्याच मागोमाग आलेली असणार. पुढे कपाशीवरचा ढेकणांचा जोर ओसरला त्यात हिचा वाटा मोठा. ज्या वावरात सतत जहाल फवारे पडतात तिथे मात्र आधी हीच मरते, कारण तिच्या अंगावर मेणाची चिलखत नाही.

तेव्हा हिशेब असा ठेवा. दहा ढेकणांत तीन-चार ममी दिसल्या तर फवारा अजिबात मारू नका. पाण्याचा झोतही त्या फांदीवर नको. आठवडाभर थांबून पुन्हा मोजा, ममी वाढलेल्या दिसतील. एकाच झाडावर ममी असतील आणि दुसरं झाड नुसतं पांढरं असेल, तर ममी असलेलं पान तोडून दुसऱ्या झाडाच्या फांदीच्या बेचक्यात अडकवून द्या. पानावर जिवंत ढेकूण उरले असतील तर ते आधी स्पिरिटच्या काडीने टिपून घ्या. एक पैसा न घालता जैविक नियंत्रण झालं.

आणखीही मित्र असतात: ठिपक्यांचे-पट्ट्यांचे लाल-पिवळे ढालकिडे, हिरव्या जाळीदार पंखांची क्रायसोपा. कधी नशीब असेल तर एप-फ्लाय या फुलपाखराची अळीही ढेकणांत बसलेली सापडते, त्यांचीच भुकटी अंगावर घेऊन त्यांनाच खाते. फुलपाखराची अळी मांसाहारी असते यावर लोकांचा विश्वास बसत नाही. तिचा कोष तर बघण्यासारखाच, पुढून माकडाचं तोंड.

तिसरं काम: मुंग्यांचा रस्ता तोडा

ढेकूण रस पितो तो फार, आणि त्यातली जास्तीची साखर चिकट थेंबांनी मागून सोडतो. याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते. संत्र्याच्या बागांत काळ्या माशीमुळे येणारी कोळशी नागपूरकरांना सांगायला नको. घरच्या जास्वंदीवरची काजळी त्याच प्रकारची, करणारा फक्त वेगळा. काजळी पानाला खात नाही, पण पानावरचं ऊन अडवते.

चिकट्यासाठी मुंग्या येतात आणि बदल्यात राखण करतात. ढालकिड्याला हुसकावतात, गांधीलमाशीला टेकू देत नाहीत, पिल्लांना उचलून नव्या शेंड्यावर नेऊन ठेवतात. मुंग्या तशाच ठेवून ढेकूण कमी करू बघणं म्हणजे फुकटची मेहनत. उलट मुंग्या थांबवल्या की पुष्कळदा बाकीचं काम मित्रकीटकच उरकतात.

खोडाच्या तळाशी, जमिनीपासून वीतभर उंचीवर, चिकटपट्टीचा किंवा जाड कागदाचा पट्टा घट्ट गुंडाळा आणि त्यावर ग्रीसचा थर द्या. ग्रीस थेट सालीवर लावू नका, उन्हात साल भाजते. झाडाची फांदी भिंतीला, कपडे वाळवायच्या दोरीला किंवा कूलरच्या स्टँडला टेकलेली असेल तर मुंग्या तिथून चढतील, तेवढी फांदी छाटा. कुंडी पाण्याच्या थाळीत उभी करायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. चालतो, पण थाळीतलं पाणी दोन-तीन दिवसांनी ओतून, थाळी घासून घ्या. कूलरच्या टाक्यांपायी डेंग्यू या शहराने पुरेसा बघितला आहे, त्यात थाळ्यांची भर नको.

मुळं तपासायची तीही याच वेळी. खोडाभोवतीची माती दोन बोटं बाजूला करा. खोड जिथे मातीत शिरतं तिथे, कुंडीच्या काठाच्या खालच्या बाजूला, तळाच्या भोकाशी पांढरं सापडलं तर वरची सगळी सफाई वाया जाणार, कारण उन्हाचा कडाका वाढला की ढेकूण इथेच आसरा घेतो. वरची दोन-तीन इंच माती काढून टाका, कुंडीचा काठ ब्रशने घासा, नवी माती भरा. झाड लहान असेल तर सरळ उपटून मुळं धुवा आणि नव्या कुंडीत लावा. हे मात्र भर मे महिन्यात करू नका, झाड दगावेल.

चौथं काम: हात, कात्री, पाणी

जास्त भरलेले शेंडे कापा. कापण्याआधी फांदीखाली जुना पेपर पसरा, नाहीतर कापताना निम्मी पिल्लं मातीत पडतात आणि संध्याकाळपर्यंत परत चढतात. कापलेलं सगळं त्याच पेपरात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड गच्च बांधा आणि पिशवी तीन-चार दिवस गच्चीवर कडक उन्हात ठेवा. आपल्या उन्हाचा एवढा तरी उपयोग करून घ्यावा. मगच ती कचरागाडीत. कंपोस्टच्या ड्रममध्ये नको आणि कंपाउंडच्या पलीकडे मोकळ्या प्लॉटवर तर मुळीच नको. कात्री स्पिरिटने पुसून दुसऱ्या झाडाला लावा.

उरलेल्यांवर पाण्याचा झोत. पाइपचं तोंड अंगठ्याने दाबून पानांच्या मागून, खालून वर मारा. हे सकाळी सहा-सातच्या आतच. एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात पोळेल इतकं तापतं, ते झाडावर पडलं तर ढेकणाआधी पानंच जातील. खाली पडलेले किडे झाडून मोरीत वाहून जाऊ द्या. जास्वंद, तगर, वांगं हा मार सोसतात, टमाट्याचं कोवळं रोप सोसत नाही. दोन-तीन दिवसांआड असं आठवडाभर केलं की वस्ती निम्म्याने तरी घटते.

कुंडीतली दोन-चार झाडंच असतील तर कानकोरणीची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेका ढेकणावर टेकवा. स्पिरिट मेण विरघळवतं, पांढरा ढेकूण क्षणात तांबूस-करडा दिसायला लागतो, तो गेला समजायचा. टीव्ही बघता बघता होणारं काम आहे. निवडुंग, अडेनियम यांसारख्या, ज्यांच्यावर फवारा नीट बसत नाही, त्या झाडांना तर हाच उपाय बरा. आधी एका पानावर करून बघा.

पाचवं काम: फवारा, तोही घरचा

दहा-बारा दिवस वरचं सगळं करून ढेकूण हटला नाही आणि ममीही दिसल्या नाहीत, तरच.

एक लिटर पाण्यात चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण पाच मिली, सौम्य द्रव साबण. कपड्यांची पावडर नको, तिच्यातल्या सोड्याने पानांच्या कडा करपतात. नुसता साबणसुद्धा पिल्लांना पुरतो. कडुनिंबाचं तेल घालायचं असेल तर तेही लिटरला पाच मिली, पण क्रम पाळा: आधी तेलात साबण घालून चमच्याने फेटा, मग थोडं कोमट पाणी घालून दुधासारखं पांढरं होईपर्यंत ढवळा, मग उरलेलं पाणी. पाच मिनिटांनी वर तेलाची तार तरंगताना दिसली तर ते मिश्रण झाडावर मारू नका, तार जिथे बसेल तिथे पान भाजेल. कालवलेलं त्याच दिवशी संपवा.

फवारायचं ऊन उतरल्यावर, पानांच्या मागून, थेंब गळेपर्यंत. सात-आठ दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. सगळी अंडी एकदम फुटत नाहीत, म्हणून हे पुन्हा पुन्हा करायचं. पारा चाळीसच्या वर असेल त्या दिवसांत तेल बंदच ठेवा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, तर झाडावर पाण्याशिवाय काही मारू नये असं माझं मत आहे. त्या दिवसांत सावलीची हिरवी जाळी आणि सकाळचा झोत एवढं पुरे.

पावसाळ्याच्या तोंडाशी कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, त्या वेचा. गर धुऊन बिया सावलीत वाळवा. लागेल तेव्हा ५० ग्रॅम बिया भरड कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यातून गाळून घ्या, चिमूटभर साबण घाला. हा ५ टक्क्यांचा निंबोळी अर्क, शेतकरी वापरतात तोच. बाजारातल्या तेलापेक्षा माझा यावर जास्त भरवसा आहे, कारण त्यात काय घातलंय ते आपल्याला ठाऊक असतं. लेकॅनिसिलियम नावाची, किडीलाच मारणारी बुरशी भुकटीच्या रूपात मिळते, तीही चांगली, पण तिला हवेत ओल लागते. जुलै-ऑगस्टमध्ये वापरा, एप्रिलमध्ये पैसे वाया.

रासायनिक औषधांबद्दल थोडक्यात. जास्वंदीवर मधमाश्या आणि शिंजीर येतात, वांगी-टमाटे आपण खातो, आणि घरात ना मास्क असतो ना हातमोजे. आपल्याच विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते ऐकून तरी ओळखीच्या दुकानातून आणलेली बिनलेबलची बाटली बाल्कनीत उघडू नये. जुनी डायक्लोरव्हॉसची बाटली कोणाकडे पडून असेल तर तिच्यावर २०२० अखेरपासून देशात बंदी आहे, हेही सांगून ठेवते.

नवं झाड घरात आणताना

निम्मे ढेकूण नर्सरीतूनच येतात. "भाऊ, हे पांढरं काय आहे?" विचारलं की उत्तर ठरलेलं: "काही नाही ताई, पाणी मारलं की जाते." जातही असेल, पण आपण ते रोप उचलायचं नाही. पान उलटून, बेचक्या बघून, खोडाशी मुंग्यांची रांग नाही ना ते बघूनच घ्या. आणलेलं रोप तीन आठवडे बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. शेजारच्या काकूंनी हौसेने दिलेली जास्वंदीची काडी असली तरी हाच नियम. काडी साबणाच्या पाण्यात बुडवून, धुऊन मग लावा, काकूंना कळायची गरज नाही.

खताचंही भान ठेवा. युरियाने फोफावलेला लुसलुशीत शेंडा ढेकणाला पहिला आवडतो. शेणखत-गांडूळखतावर वाढलेलं झाड जरा सावकाश वाढतं, पण निबर असतं.

आणि कंपाउंडच्या बाहेर बघा. गाजरगवत, पेटारी, आघाडा ही तणं याची हक्काची घरं. बागेत कितीही सफाई केली तरी बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर गाजरगवत कमरेएवढं असेल तर ढेकूण परत येतो. फुलावर यायच्या आत उपटा, हातमोजे घालून, कारण त्याची खाज वाईट. आघाडा हरतालिकेच्या पत्रीपुरता ठेवायचा असेल तर भिंतीपासून लांब ठेवा.

वावर असेल तर

पऱ्हाटीत फिरताना धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या, ओळी आधी बघा, ढेकूण कडेने आत शिरतो. सुरुवातीला एखाद-दुसरं झाडच पांढरं असतं. तेवढंच उपटून पिशवीत भरून नष्ट केलं तर बाकीचं वावर वाचू शकतं. सगळ्या वावरावर फवारा घालण्याआधी ममी मोजाव्यात, हे तिथेही तितकंच खरं. शेवटची वेचणी झाली की पऱ्हाट्या उपटून धुऱ्यावर रचायची आपल्याकडे सवय आहे, चुलीला जळण होतं म्हणून. त्या ढिगात ढेकूण पुढच्या हंगामापर्यंत टिकतो. जळण ठेवायचंच तर ते वावरापासून लांब घराशी ठेवा आणि पेरणीच्या आत संपवा. नाहीतर श्रेडर फिरवून भुगा करा, तो कंपोस्टला जातो. आधी ढेकूण लागलेल्या तुकड्यात काम करून मग चांगल्या तुकड्यात जाणं हेही टाळा, क्रम उलटा ठेवा.

कोणत्या महिन्यात काय

फेब्रुवारीच्या शेवटी एकदा सगळी झाडं उलटून-पालटून बघा आणि ग्रीसचे पट्टे लावा. मार्च ते मे आठवड्यातून एकदा भिंग. जूनच्या मध्यावर पाऊस आला की धारेने ढेकूण धुऊन निघतो आणि माणूस निश्चिंत होतो. पण झाडावरून धुतलेले सगळे मरत नाहीत, तणांवर आणि खोडाशी काही उरतातच. ऑक्टोबरच्या गरमीत, दसरा-दिवाळीच्या मधे, ते पुन्हा वर येतात. म्हणून पाऊस थांबला की गाजरगवत उपटणं आणि खोडाची माती तपासणं ही दोन कामं करा. डिसेंबर-जानेवारीत थंडीने त्यांची चाल मंदावते. छाटणी आणि कुंड्या बदलायला हेच दिवस सोयीचे.

ओळख पटत नसेल तर ढेकणांसकट पानाचा तुकडा स्पिरिटच्या छोट्या बाटलीत घाला, झाकण घट्ट लावा, बाटलीवर झाडाचं नाव आणि तारीख लिहा आणि महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात कीटकशास्त्र विभाग कुठे आहे ते विचारा. जिवंत ढेकूण डब्यात घालून शहरभर फिरवू नका. नुसता सल्ला हवा असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट क्रमांक आहे, मराठीत बोलतात. फोन लावण्याआधी झाड कोणतं, मुंग्या आहेत का आणि दहा ढेकणांत ममी किती, एवढं कागदावर लिहून ठेवा.